एकेचाळीस नंबरची हर्मीना

हर्मीना क्रेम्पास्का हिचं काम माणसं गुंडाळायचं. हे आताच्या पोरांना सांगितलं की ती हसतात. हसू देत.

दुपारी दोन ते चार आमचे क्षयाचे रोगी 'झोर्नित्सा' या डोंगरातल्या रुग्णालयाच्या दक्षिणेकडच्या लांब सज्जात आरामखुर्च्यांवर पडून राहायचे. जानेवारीतही, पारा शून्याच्या खाली पंधरावर असला तरी. बोलायचं नाही, वाचायचं नाही, खोकला आलाच तर गिळायचा. प्रत्येकाला दोन जाड घोंगडी. पहिलं खुर्चीवर तिरकं टाकायचं, माणूस त्यावर निजवायचा, उजवी बाजू त्याच्या अंगावरून आणून पाठीखाली खोचायची, पायाकडचं टोक वर दुमडून गुडघ्यांखाली सारायचं आणि मग डावी बाजू. दुसरं घोंगडं याच्या उलट. नीट जमलं तर आत वाऱ्याची झुळूक जात नाही आणि माणूस हलूही शकत नाही. हर्मीनाला एका माणसाला पाऊण मिनिट लागे. माणसं चौसष्ट. बाकीच्या बाया अर्ध्यावरच दमायच्या. हिची शेवटची घडी पहिलीइतकीच घट्ट असायची.

मी तिथं सत्तावन्न साली डॉक्टर म्हणून गेले. वय पंचवीस. क्षयावरची इंजेक्शनं आली होती, मी ती शिकून आले होते, आणि डोंगरातल्या हवेनं नि पडून राहण्यानं रोग जातो हे मला शुद्ध थोतांड वाटत होतं. पहिल्याच दुपारी सज्जात जाऊन मी मोठ्यानं विचारलं, "ही काय गाठोडी बांधून ठेवलीयत?"

एक ठेंगणी बाई एका पोस्टमास्तरच्या गुडघ्यांखाली टोक सारत होती. मान वर न करता ती म्हणाली, "गाठोडी नव्हेत, डॉक्टरीणबाई. गाठोड्यांना ऐकू येत नाही. आणि जरा बाजूला सरा, तुमची सावली पडतेय यांच्यावर."

पोस्टमास्तर हसला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि हर्मीनानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो खोकला माझ्याच घशातून आला होता.

ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तरी मी तिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करत आले. डॉक्टरकीचा तोरा, दुसरं काय. ती मात्र मला शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणाली.

ती स्वतः रोगी म्हणूनच आलेली. लेवोचा गावाच्या पलीकडच्या खेड्यातली. आई याच रोगानं गेली, आणि त्रेचाळीस साली सोळा वर्षांच्या पोरीला बापानं गाडीत घालून वर आणून सोडली. तीन वर्षांनी ती बरी झाली आणि घरी गेली. अकरा दिवस राहिली. बापानं दुसरं लग्न केलं होतं. सावत्र आईनं हिचा कप वेगळ्या खिळ्याला टांगला. रविवारी चर्चमध्ये ही बाकावर बसली तशी बाकावरची माणसं एकेक करून उठली. "अख्खा बाक मला एकटीला," ती सांगायची. "बिशपलासुद्धा एवढी जागा मिळत नाही."

बाराव्या दिवशी ती परत वर आली. झोर्नित्साचे मुख्य डॉक्टर इमरिख झाहोर दारातच भेटले.

"ताप आला?"

"नाही. मीच आले."

झाहोरनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे ही रीतच होऊन बसली होती. बरे झालेले लोक खाली नांदत नसत. आमची स्वैपाकीण, न्हावी, क्ष-किरणांचा माणूस, बागेतला म्हातारा, सगळे एकेकाळी सज्जात पडलेले. लग्नंही आपसांतच करायचे. क्ष-किरणवाल्यानं हर्मीनाला विचारलं होतं म्हणे. ही म्हणाली, "नको रे बाबा. तू माझं आतलं सगळं पाहून बसलायस, आता नव्यानं काय दाखवू?"

झाहोरनी तिला काम दिलं आणि माळ्यावरची एकेचाळीस नंबरची खोली दिली. उतरतं छत, लोखंडी पलंग, एक खिडकी. त्या खिडकीतून लोमनित्स्कीचं शिखर दिसायचं, पण हर्मीनाला शिखराचं काही नव्हतं. खोलीला दार होतं आणि ते दार तिचं होतं, एवढंच तिला पुरे. "इथून मला कुणी उठवू नये, बाकी काय करायचं ते करा," असं ती येईल त्या नव्या साहेबाला पहिल्याच दिवशी सांगायची.

झाहोर बावन्न साली निवृत्त झाले. जाताना त्यांनी तिच्यासाठी एक कागद केला, सही-शिक्क्यानिशी. या घराचं पुढे काहीही होवो, हर्मीना क्रेम्पास्का जिवंत असेपर्यंत एकेचाळीस नंबरच्या खोलीत राहील, अशा अर्थाचा. आणि तो कागद त्यांनी तिच्या हातात दिला नाही. तिच्या कार्डात ठेवला. "इथं माणसं हरवतात, कार्डं हरवत नाहीत," असं म्हणाले. हे कार्ड म्हणजे रोग्याचं हिरवं कार्ड. ती आली होती रोगी म्हणून, तेव्हा तेच तिचं कार्ड. नोकर म्हणून तिचे वेगळे कागद करायचं कुणालाच सुचलं नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मी कधी विचारलंही नव्हतं.

सदुसष्ट साली झोर्नित्सा बंद झालं. म्हणजे रुग्णालय म्हणून बंद झालं. रोगी उरले नव्हते, आणि त्याचा मला केवढा अभिमान! इमारत खाण-कामगारांच्या संघटनेला विश्रामगृह म्हणून द्यायची ठरली आणि रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. दोन आठवड्यांची मुदत. तळघरात अकरा हजार हिरवी कार्डं होती. ती दफ्तरखान्यात पाठवायची म्हणून मी जिल्ह्याच्या गावी फोन केला. तिथला माणूस एक खोकं बघायला आला, हातमोजे घालून, आणि झाकण उघडायच्या आधीच म्हणाला, "डॉक्टरीणबाई, माझ्या घरी लहान मुलं आहेत."

"कागदावरचे जंतू केव्हाच मेलेत."

"असतील. पण माझ्या बायकोला हे कोण सांगणार?"

मग आम्ही नेहमीचं केलं. आमच्याकडे रोगी गेला, घरी गेला काय किंवा देवाघरी गेला काय, की त्याच्या मागे राहिलेलं सगळं भट्टीत जायचं. सपाता, पत्रं, पत्ते, पुस्तकं, उशी. पन्नास वर्षं हेच चाललेलं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, मला तर मुळीच नाही. भट्टीवाल्याला मी सांगितलं, सगळी घाल. दोन दिवस धुराड्यातून काळं भुरभुरत होतं. हर्मीना त्या आठवड्यात दुसऱ्या खोऱ्यातल्या रुग्णालयात चादरी पोचवायला गेली होती.

परत आली ती थेट तळघरात गेली. मग वर माझ्याकडे.

"कार्डं कुठायत?"

"जाळली."

"सगळी?"

"नाही, तुझ्यासाठी डझनभर ठेवलीयत लोणचं घालायला. सगळी म्हणजे सगळी, हर्मीना. किती वर्षं जंतू सांभाळत बसायचं?"

ती म्हणाली, "बरं." आणि खाणकामगारांच्या खाटा घालायला निघून गेली. मला वाटलं, जुन्या माणसांची आठवण आली असेल बिचारीला. झाहोर तेव्हा जिवंत होते, केझमारोकला लेकीकडे राहत होते. तिनं तो कागद सांगितला असता तर दुसरा करून घेता आला असता. पण मी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

संघटनेच्या काळाविषयी लोक नाकं मुरडतात. मी मुरडणार नाही. ऑस्ट्रावाच्या खाणींतले गडी बायकापोरांसह यायचे, संध्याकाळी बाजाची टोळी वाजायची, ज्या जेवणघरात पूर्वी चमचा पडला तरी परिचारिका दचकायची तिथं सॉसेजचा वास आणि पोल्का नाच. सज्जात टेबल टेनिस. हर्मीना चादरी-टॉवेलांची मुख्य झाली. खोली तीच. कुणी विचारलंच नाही तिला, ती भिंतींबरोबरच मोजली जायची.

आणि ती गुंडाळायची थांबली नव्हती. खाणीतली धूळ फुप्फुसात बसलेले गडी जिना चढून आले की तोंड उघडं टाकून उभे राहायचे. त्यांना ती टेबल टेनिसच्या कडेला खुर्ची टाकून द्यायची आणि घोंगडी आणायची. असाच एक गडी होता, बोहुस्लाव नावाचा. मी तेव्हा खालच्या मोठ्या रुग्णालयात कामाला होते, तिनं मला बोलावून घेतलं. मी छाती ऐकली, नखं पाहिली आणि त्याला सांगितलं, "सहा महिने. फार तर आठ."

बाहेर आल्यावर हर्मीना माझ्यावर उखडली. "त्यानं विचारलं होतं तुम्हाला?"

"विचारलं नसलं तरी खरं ते खरं."

"खरं त्याला ठाऊकच आहे. तो सुट्टीवर आलाय, डॉक्टरीणबाई. चौदा दिवस. त्यातले तुम्ही नऊ खाल्लेत."

मी तिला म्हटलं की रोग्याशी खोटं बोलणारा डॉक्टर मला आवडत नाही. आजही आवडत नाही. पण तो बोहुस्लाव दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन निघून गेला, ते नऊ दिवस न राहताच.

मग एकोणनव्वद आलं, सरकारं बदलली, संघटना बुडाली. झोर्नित्सा दोन वर्षं कुलपात होतं. म्हणजे बाकी घर कुलपात, हर्मीना आतच. मागच्या दारानं ये-जा करायची, पाण्याचे नळ फुटू नयेत म्हणून थंडीत सगळे मजले फिरून यायची. मग राजधानीतल्या एका कंपनीनं घर घेतलं आणि हॉटेल करायला काढलं. वाफेचे हमाम, मालिश, पोहायचा तलाव. कामिल ड्युरिना म्हणून एक तरुण व्यवस्थापक आला. त्याला वाईट म्हणता येणार नाही. येताना खसखशीचा केक घेऊन आला.

मी त्या दिवशी तिच्याकडेच होते. पायऱ्या चढून धापत होते, तोही धापत होता, आणि एकोणसत्तर वर्षांची हर्मीना दोघांना चहा देत होती.

"मावशी, छान जागाय तुमची," तो म्हणाला.

"जागेला छान म्हणणारा माणूस मोजमाप काढायला आलेला असतो. टेप कुठल्या खिशात आहे?"

तो लाजला. टेप खरोखरच होती. "माळ्यावर चार मोठ्या खोल्या करायच्यात, मावशी. पाहुण्यांसाठी. तुमची सोय आम्ही खाली करू, वृद्धाश्रमात. स्वच्छ आहे, लिफ्ट आहे."

"लिफ्टनं कुठं जायचं?"

"म्हणजे... वरच्या मजल्यावर."

"वरच्या मजल्यावर मी आहेच की."

तो हसला, पण टेप काढली. आणि जाताना म्हणाला, "काही कागद असेल तर दाखवा. खोली तुमच्या नावावर असल्याचा. मग मीच त्यांना नाही सांगेन. आईशप्पथ."

तो गेल्यावर मी विचारलं, "आहे का कागद?"

तेव्हा, कार्डं जाळल्याला एकोणतीस वर्षं उलटल्यावर, तिनं मला झाहोरचा कागद सांगितला. शब्द न् शब्द तिला पाठ होता. मी केकची बशी हातात धरून बसले होते.

"अगं मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? तुम्ही राख भरून दिली असतीत?"

"तुझ्याजवळ का नाही ठेवलास?"

"कारण कार्ड हरवत नाही." मग माझं तोंड बघून म्हणाली, "केक खा. चांगला आहे. चोराकडचा असला तरी."

प्रकरण जिल्ह्याच्या कचेरीत गेलं. नोकरीबरोबर मिळालेली खोली नोकरीबरोबर जाते, असा नियम. दुसरा कुठला हक्क लिहून दिला असेल तर गोष्ट वेगळी. कागद नसला तरी तो पाहिलेला, वाचलेला साक्षीदार चालेल, असं तिथल्या बाईनं आधीच फोनवर सांगितलं होतं. झाहोर केव्हाच वारले होते. भट्टीवालाही. ती कार्डं हाताळलेलं जिवंत माणूस मी एकटी.

कचेरीच्या बाहेर बाकावर आम्ही बसलो होतो. हर्मीनानं निळा कोट घातला होता आणि टोपीही, जी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"तुम्ही वाचला होता म्हणा," ती म्हणाली.

"पण मी नाही वाचला."

"मी सांगितला ना तुम्हाला. अक्षर न् अक्षर. त्यात मी खोटं काही घातलेलं नाही."

"ते मला माहीत आहे. पण मी तो पाहिला नाही, हर्मीना."

"बरं," ती म्हणाली. सदुसष्ट साली म्हणाली होती तसंच.

आत टेबलामागच्या बाईनं चष्मा काढून मला विचारलं, "डॉ. लेहोत्स्का, ते पत्र तुम्ही स्वतः वाचलं होतं का?" ती 'हो'साठी थांबली होती. हे मला तेव्हाही दिसत होतं. तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं. मी म्हणाले, "कार्डं मी जाळली. वाचली नाहीत. पण ही बाई खोटं बोलत नाही एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते." बाईनं पेन उचललं. म्हणाली, "छातीवरचा हात मला कागदावर घेता येत नाही, डॉक्टरीणबाई."

परतीच्या विजेच्या गाडीत हर्मीना खिडकीशी बसली. मी एकटीच बोलत होते. कायदा कसा मूर्ख आहे, अपील कसं करायचं, कुणाला गाठायचं. तिनं मला एकदाच मध्ये तोडलं. "तुम्ही मरणाऱ्यांशी खोटं बोलला नाहीत, मग माझ्यासाठी कशाला बोलाल," म्हणाली. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

आणि आता जे लिहायचं ते लिहून टाकते. माझ्याकडे तेव्हा दोन खोल्या होत्या. आजही आहेत. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, एका खोलीत इस्त्रीचं टेबल आणि जुनी वैद्यकीय मासिकं. हर्मीनाला तिथं ये म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. अपिलाचा अर्ज लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या, पण ते वाक्य मी बोलले नाही. ती हिवाळ्यातही खिडक्या सताड उघड्या ठेवते, पहाटे पाचला उठते, सगळ्या घड्या पुन्हा घालते, असं मी मनाशी म्हणत राहिले. ही कारणं नव्हेत. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या खाटा घातलेल्या बाईला आपली एक खाट द्यायची वेळ आली, तेव्हा मी खाटेवर मासिकं ठेवली.

अपील फेटाळलं गेलं. नोव्हेंबरात ती खाली आश्रमात गेली. दोन पिशव्या आणि एक घोंगडं. तिघींची खोली. बाकीच्या दोघींना वारा सोसत नव्हता, म्हणून खिडकी बंद. मी महिन्यातून एकदा जायचे, सफरचंदं न्यायचे. ती कुरकुर करायची नाही. शेजारच्या म्हातारीला पाय गार पडले की गुंडाळून द्यायची. "ही बरी आहे," एकदा मला हळूच म्हणाली, "पण हिला दोन मिनिटं लागतात हो. लाथा मारते."

हॉटेल दोन हिवाळे चाललं. बर्फ कमी पडलं, पाहुणे पलीकडे पोलंडात स्वस्तात जाऊ लागले, कंपनी बुडाली. तलावातलं पाणी सोडून दिलं, कामिल ड्युरिना केकच्या दुकानात लागला असं ऐकलं. मी वर जाऊन आले. राखणदारानं आत सोडलं. माळ्यावरच्या चार मोठ्या खोल्या कधी झाल्याच नव्हत्या. भिंती पाडायला पैसे उरले नसावेत. एकेचाळीस नंबरचं दार नुसतं लोटलेलं होतं. पलंग होता तिथंच. त्यावर मोडक्या छत्र्या आणि हमामाचे टॉवेल रचून ठेवले होते.

मी त्याच दिवशी खाली गेले. मनाशी ठरवून गेले होते. पोचल्यावर कोटही न काढता तिला म्हणाले, "हर्मीना, सामान बांध. माझ्याकडे चल. खोली मी रिकामी केलीय. खिडकी तुझी, पाहिजे तेवढी उघड."

ती गादीच्या काठावर बसून मोजे जोडत होती. हातातली जोडी तिनं पुरी केली.

"नको, डॉक्टरीणबाई," मग म्हणाली. "आत्ता कुठं मला इथला जिना पाठ झालाय. मी आता पुन्हा उठत नाही."

"अगं पण—"

"वर कोण उतरलंय आता माझ्या खोलीत?"

मी खरं ते सांगितलं. "कुणी नाही. त्यांनी काही केलंच नाही तिथं. छत्र्या ठेवल्यात. सगळं घर बंद आहे."

तिनं हातातला मोजा गुडघ्यावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती, जणू मी डॉक्टर आहे आणि मला हे ठाऊक असायला हवं.

"मग मी कुणाच्या आड येत होते?"

मी कोट घातलेलीच उभी होते. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय म्हणतेय ती?" आणि मी म्हणाले, "काही नाही."